आधी दादा

१

शेपटीने इन्क्युबेटरचं दार उघडलं. तिचा कप्पा रिकामा होता. एक बाटलीसुद्धा नाही.

आता इन्क्युबेटर म्हणजे तरी काय, तर पेशी वाढवायचं उबदार कपाट. माणसाच्या अंगात असते तेवढी ऊब आत कायम राखायची, चपट्या बाटल्यांमध्ये मीडिया म्हणजे पेशींचं गुलाबी खाणं घालायचं, आणि मंडळी वाढताहेत की रुसून बसलीयत ते येता-जाता बघायचं. वरचा कप्पा ताईचा, मधला पैलवानचा, खालचा शेपटीचा. वरच्या बाटल्या जागच्या जागी होत्या. मधल्याही होत्या. गेल्या होत्या त्या फक्त हिच्या.

शेपटी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. कॉलेज सुटलं की प्रयोगशाळेत यायची आणि पीएचडीवाल्या ताईच्या मागे मागे फिरायची, म्हणून पहिल्याच आठवड्यात कोणीतरी तिला शेपटी म्हटलं. ते चिकटलं ते चिकटलंच. खुद्द मॅडमसुद्धा, ज्यांची ही प्रयोगशाळा, हाका मारताना खरं नाव विसरायच्या.

ती धावतच कोपऱ्यातल्या नायट्रोजनच्या टाकीकडे गेली. पेशींचा थोडा साठा तिथे गोठवून ठेवतात. वरचं सगळं बुडालं तरी नव्याने सुरुवात करता यावी म्हणून. जाड हातमोजे चढवून तिने थंड वाफेतून पेटी वर ओढली. बाकीच्यांच्या नळ्या दाटीवाटीने उभ्या होत्या. तिच्या नळ्यांच्या जागी नुसती भोकं.

तिने पेटी पुन्हा आत सोडली. प्रयोगशाळेसाठी त्या नुसत्या सात नंबरच्या पेशी होत्या. त्या कोणाच्या अंगातल्या, हे काम करणाऱ्याला कळू द्यायचं नसतं, तसा नियमच आहे. पण शेपटीला ठाऊक होतं. त्या तिच्या दादाच्या होत्या.

दादाचं हृदय जन्मापासून कमजोर. शेवटच्या आजारपणात संशोधनासाठी दंडावरची मुगाच्या दाण्याएवढी कातडी द्याल का, असं विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "घ्या की, मोठा तुकडा घ्या, फुकट आहे." पुढे दादा गेला. त्या कातडीतल्या पेशी राहिल्या, वाढल्या, आणि गेलं वर्षभर त्यांना खाऊपिऊ घालणारी ही त्याची धाकटी बहीण होती. कोणाला सांगेल तर शपथ.

आणि उद्या आई येणार होती. मायक्रोस्कोपला डोळा लावून आपल्या लेकाचं जे काही जिवंत उरलंय ते एकदा बघायला.

२

"अगं बुरशी लागली असेल, दिल्या असतील कोणीतरी फेकून," ताई हूडमध्ये, म्हणजे निर्जंतुक हवेच्या काचपेटीत, हात घालून बसली होती, तिने मान वळवली नाही. "पेशीच आहेत ना? नवरा पळून गेल्यासारखं तोंड काय केलंयस!"

एरवी शेपटी हसली असती. ताई ताडासारखी उंच, जिभेने तिखट, मनाने लोण्याची. पिपेट कसं धरायचं इथपासून सगळं तिनेच शिकवलं होतं.

"बुरशी नाही लागलेली, ताई."

"कशावरून?"

"मागे तुझ्या एका बाटलीत ठिपका दिसला होता, तेव्हा काय झालं होतं आठव. अख्खं इन्क्युबेटर रिकामं केलं आपण. आठवडाभर स्पिरिटचा वास. तू सगळ्यांना धारेवर धरलं होतंस. आणि आज बघ, पैलवान सरांच्या बाटल्या माझ्या कप्प्याच्या डोक्यावर आहेत आणि त्यांना कोणी हातसुद्धा लावलेला नाही. बुरशी असती तर अशा सोडल्या असत्या?"

ताईचं पिपेट हवेतच थांबलं.

"शिवाय टाकीतल्या नळ्याही गेल्यात," शेपटी म्हणाली. "गोठलेल्या नळीला कुठली बुरशी?"

आता मात्र ताई वळली. हूडची काच खाली ओढून तिने हातमोजे काढले. "म्हणजे मुद्दाम केलंय कोणीतरी."

"हो."

"एका बाटलीवर राग काढला असता तर समजू शकते. पण गोठवलेल्या पण?" ताईने आवाज खाली आणला. "ज्याने केलं त्याला त्या पेशी मुळासकट नाहीशा व्हायला हव्या होत्या. हे बघ, मी कोणाचं नाव घेणार नाही. पण तुझा कप्पा मला द्या म्हणून महिनाभर मॅडमच्या मागे कोण लागलं होतं?"

नाव घ्यायची गरजच नव्हती. पैलवान.

३

पैलवान म्हणजे काडीपैलवान. फुंकर मारली तर उडेल असा लांबलचक इसम, दुसरीकडून डॉक्टरेट घेऊन इथे आलेला. पैलवान हे नाव पडलं ते त्याच्या धष्टपुष्ट पेशींमुळे. कुणा परक्या बाईच्या अंगातल्या गाठीच्या त्या पेशी. बाई केव्हाच गेली, गाठ अजून वाढतेच आहे. बाटली भरून वाहायची, की मग दुसऱ्या बाटलीत, तिसऱ्या बाटलीत. जागेसाठी त्याची रोजची रड.

तो जेवणाच्या खोलीत चहा ढवळत होता. शेपटीने सरळच विचारलं. त्याने चमचा खाली ठेवला.

"मी? मला कप्पा हवा होता, कबूल. पण मग घेतला का मी? जा, बघून ये. रिकामा पडलाय ना? कप्प्यासाठी खून पाडणारा माणूस कप्पा तसाच सोडून चहा पीत बसेल?"

यात तथ्य होतं.

"आणि तुझ्या पेशी मारीन मी?" पैलवान आता खरोखर दुखावला होता. "बहिणीच्या बाळंतपणाला गेलो होतो उन्हाळ्यात, तेव्हा माझं सगळं बिऱ्हाड कोणी सांभाळलं? तू. परत येऊन बघतो तर मी काढून ठेवलेली मीडियाची बाटली झाकणसुद्धा न उघडलेली! पोरीने स्वतःच्या बाटलीतून माझ्यांनाही जेवू घातलं. मी घरी फोन करून सांगितलं तेव्हा, अशी माणसं मिळत नाहीत म्हणून."

"तुमची जुनी झाली होती, सर. मी ताजी केली होती, त्यातूनच दिलं," शेपटी म्हणाली. तिचं लक्ष नव्हतं. ती दाराकडे निघाली.

"आणि तुला बोलायचंच होतं मला!" तो मागून म्हणाला. "काल मायक्रोस्कोपशी बसलो तर स्टूल इतकं खाली फिरवून ठेवलेलं की गुडघे हनुवटीला लागले. जरा उंचीचा विचार करत जा दुसऱ्याच्या!"

शेपटी उंबऱ्यातच थांबली.

"सर, मी स्टूल कधीच खाली करत नाही," ती म्हणाली. "ताई ठेवते त्याच उंचीवर मला जमतं. पाय लोंबकळतात, पण जमतं."

४

मायक्रोस्कोपच्या खोलीत त्या स्टुलावरून कायम भांडणं. ताई उंच, पैलवान त्याहून उंच, कोण बसून उठलं ते स्टूल बघून सांगता यायचं. शेपटीने आयपीस, म्हणजे डोळे लावायची दोन भिंगं, बघितले. ते एकमेकांच्या अगदी जवळ सरकवलेले होते. पैलवानच्या लांब लांब असलेल्या डोळ्यांना ते कधीच बसले नसते, म्हणजे काल तो वैतागून तसाच उठून गेला असणार. त्याच्या आधी इथे कोणीतरी बसलं होतं. बुटकं. डोळे जवळजवळ असणारं.

काचसामान धुणारे मामा बादली घेऊन आले. "ह्या तुझ्या का गं बाटल्या? ब्लीचमध्ये होत्या. फेकायच्या ना?"

चपट्या रिकाम्या बाटल्या. झाकणं घट्ट लावलेली. आणि प्रत्येकीवरचं लेबल सोलून काढलेलं, नखाने, अगदी कोपऱ्यापासून. चिकटपणासुद्धा पुसून घेतलेला.

"लेबलं अशीच होती मामा?"

"मी कशाला सोलतोय! मला काय दुसरी कामं नाहीत?" मामा फणकारले. "तुमच्यापैकी कोणी आजवर सोललीयत होय? सरसकट टाकून मोकळे होता."

शेपटी त्याच बुटक्या स्टुलावर बसली आणि विचार करू लागली. चोरी म्हणावी तर चोर पेशी जिवंत नेतो, इथे तर रीतसर ब्लीच घालून मारल्यात. खुन्नस म्हणावी तर खुन्नस काढणारा मागे काहीतरी ठेवतो, समोरच्याला कळावं म्हणून. इथे उलटं. ज्याने केलं त्याला वाटत होतं की हिला दिसू नये, बादलीत ओळखीचा नंबर सापडू नये. पण सात नंबरच्या पेशी बिघडल्या, फेकल्या, असं तोंडावर सांगायला काय हरकत होती? रोज कोणाच्या ना कोणाच्या पेशी बिघडतात इथे. सात नंबर म्हणजे फक्त नंबर असेल, तर लपवण्यासारखं काहीच नाही.

लपवेल तो, ज्याला त्या दादाच्या आहेत हे ठाऊक आहे. हिला घाबरून नव्हे, हिच्या काळजीने लपवेल.

आणि ते ठाऊक असलेलं माणूस इथे एकच होतं. दादाच्या कातडीसाठी आईची सही घ्यायला स्वतः घरी आलेलं. पुढे नियम मोडून या पोरीला इथे घेतलेलं. खुर्चीवर बसलं की ज्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत असं.

तिने मॅडमच्या दारावर टकटक केलं.

५

मॅडमनी तिचा चेहरा बघितला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बस."

"तुम्ही काल मायक्रोस्कोपशी बसला होतात," शेपटी उभीच राहिली. "का मारलंत त्यांना? मला फक्त एवढं सांगा."

मॅडमनी खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाल्या, "तुझी आई येणार म्हणून मी गेले होते गं. म्हटलं, त्यातल्या त्यात छान दिसणारी बाटली निवडून ठेवावी. कित्येक दिवसांत मी स्वतः पेशी बघितल्या नव्हत्या. तुमच्यावर सोडलं होतं सगळं."

"मग?"

"त्या सात नंबर नव्हत्या."

शेपटीला आधी कळलंच नाही. "लेबल होतं त्यावर."

"लेबल सातचंच होतं. आत दुसरं कोणीतरी होतं. कातडीच्या पेशी कशा असतात? लांबट, निमुळत्या, एका दिशेने झोपल्यासारख्या. आणि शेजारी भेटला की थांबतात. तुझ्या बाटलीत गोल गोल, एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. मी सगळ्या बाटल्या बघितल्या. टाकीतल्याही काही नळ्या उघडल्या, त्यातल्या पेशी बघितल्या. त्याच. पहिल्या नळ्या तू आधीच वाढवायला काढल्या होत्यास, उरलेल्या सगळ्या उन्हाळ्यानंतर गोठवलेल्या."

"पण त्या वाढत होत्या, मॅडम!" तिचा आवाज चिरकला. "आधी किती हळू वाढायच्या, मरगळलेल्या असायच्या. उन्हाळ्यानंतर किती जोमात होत्या! मी आईला सांगितलं, दादाला बरं वाटतंय, आता चांगला—"

"म्हणूनच," मॅडम हळूच म्हणाल्या. "कातडीच्या पेशी थकतात, बाळ. एका मर्यादेनंतर वाढायच्या थांबतात. त्या जोमात येत नाहीत कधी."

हे तिला माहीत होतं. परीक्षेत लिहून आलेली होती ती हे, पुरवण्या लावून. दादाच्या बाबतीत मात्र आठवलं नव्हतं.

"दुसऱ्या कोणाच्या पेशींचा थेंब पडला आणि त्या वरचढ ठरल्या," मॅडम म्हणाल्या. "तुझ्या आईला आत दुसऱ्याच कोणाच्या पेशी दाखवून लेक म्हणून सांगणं माझ्याने झालं नसतं. आणि खरं सांगणं त्याहून झालं नसतं. म्हटलं, गेल्या म्हणून सांगू. कारण नंतर शोधू."

"कोणाचा थेंब?"

"होतं असं कधी कधी. नाही कळत."

मॅडम खिडकीकडे बघत होत्या. इतकी हुशार बाई, पण खोटं बोलायची सवय नव्हती तिला.

६

पायऱ्यांवर बसून शेपटीने तेही शोधून काढलं. वेळ लागला नाही. पुरावा तिच्या हातात कधीचा दिला होता, पैलवानने, आभार मानता मानता. त्याच्या बाटलीचं झाकणही उघडलेलं नव्हतं.

प्रत्येकाच्या पेशींना स्वतःची मीडियाची बाटली. ताईने शिकवलेला पहिला नियम. एकमेकांच्या उष्ट्यात हात घालायचा नाही, कारण एक पेशी पिपेटला चिकटून बाटलीत गेली तरी पुरे. उन्हाळ्यात पैलवान गेला तेव्हा शेपटीने ताजा मीडिया केला, आणि दोघांना एकाच बाटलीतून द्यायचं ठरवलं. निष्काळजीपणाने नव्हे हो, उलट. तिने पुरता विचार केला होता. आधी दादाला द्यायचं, मग पैलवानच्यांना. म्हणजे दादाच्या खाण्यात परकं काही जायचा प्रश्नच नाही. प्रत्येक वेळी न चुकता आधी दादा, घरी पहिली पोळी त्याला वाढायचे तसा.

पण बाटली एका बैठकीत संपायची नाही. उरलेली ती फ्रीजमध्ये ठेवायची आणि पुढच्या वेळी तीच काढायची. मागच्या खेपेला शेवटी पैलवानच्या पेशींना लागलेली तीच बाटली. आणि त्यातला पहिला घास आधी दादाला.

ती बाटली संपेस्तोवर तिने त्याला असंच भरवलं होतं. हाताने, मायेने, कोणी न सांगता. शेपटीने तोंडावर ओढणी दाबली, पण तरीही आवाज बाहेर पडला, आणि वर ताईच्या चपलांचा आवाज जिन्यात थबकला आणि तिथेच राहिला.

७

दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "कपाट बिघडलं एवढं फोनवर सांगितलंय आईला, बाकीचं मी बोलते. पेशी गेल्या, झोपेत गेल्यासारख्या. कोणाचा दोष नाही. तू आत थांब."

शेपटीने मान हलवली आणि मग आत थांबलीच नाही.

आई कॉरिडॉरमधल्या बाकावर बसली होती, ठेवणीतले कपडे घालून, पर्स मांडीवर धरून. मुलगी दिसताच तिने चेहऱ्यावर हात फिरवून चष्मा दाखवला. "नवा केला गं. जुन्यातून बारीक दिसत नव्हतं. त्या दुर्बिणीला चष्मा लावून बघतात की काढून?"

शेपटी तिच्या शेजारी बसली. बोलायचं सगळं रात्रभर जुळवून ठेवलेलं, आणि आता त्यातला एक शब्द जागेवर नव्हता.

"आई, तो नाहीये आत."

"म्हणजे? कुठे ठेवलाय?"

"नाहीये. आत दुसरंच कोणीतरी होतं. कुणा बाईच्या पेशी. माझ्या हातून मिसळल्या. मी दोघांना एकाच बाटलीतून दिलं, आणि त्या बाईच्या पेशी भराभर वाढल्या, आणि दादाच्या हळूहळू मागे पडल्या आणि संपल्या. मला कळलंच नाही. मी त्यांनाच दादा समजत होते."

आईने चष्मा काढला. घडी घातली. पुन्हा उघडला.

"मग तो गेला कधी?"

"ठाऊक नाही, आई."

"नक्की नाही सांगता येत?"

"नाही. उन्हाळ्यात कधीतरी. एकदम नाही गेला. थोडा थोडा कमी होत गेला असेल."

मॅडम दारात आल्या होत्या.

"यांनी मला फोनवर कपाट बिघडल्याचं सांगितलं होतं सकाळी," आई म्हणाली. "म्हटलं, तरी जाऊन येते, थोडं तरी उरलं असेल. तुला कोणी सांगितलं खरं काय ते?"

"कोणी नाही. मी शोधलं."

"कोणी सांगणारही नव्हतं?"

"नाही."

"मग कशाला शोधलंस गं बाई?" आईचा आवाज फुटला. "राहू द्यायचं होतंस. कपाटाने नेलं असतं त्याला. मी कपाटाला शिव्या घातल्या असत्या. आता काय करू मी? तुला घालू?"

"घाल," शेपटी म्हणाली. "घाल ना आई. मारसुद्धा. मीच केलंय."

आईने खरोखरच हात उगारला. दंडावर एक चापट बसलीही, जोरात, आवाज कॉरिडॉरभर झाला. आणि मग त्याच हाताने तिने पोरीला जवळ ओढलं आणि दोघी मोठ्याने रडल्या. त्याने दवाखान्यात प्राण सोडला त्या दिवशी त्या रडल्या नव्हत्या, नंतर घरीही नाही. त्याचं काहीतरी इकडे वाढतंय म्हटल्यावर रडणं अशुभ वाटायचं दोघींना. ते सगळं आता आलं.

मॅडमनी दार लोटून घेतलं. थोड्या वेळाने आईने डोळे पुसले, पोरीचेही पुसले, आणि म्हणाली, "चल, घरी जाऊ. त्याचे कपडे काढायचे राहिलेत कपाटातले."